पाकीट उलटून बघणारी

शर्मिला ओव्हाळ दुकानात शिरली की सुदर्शनचा चेहरा पडायचा. सुदर्शनचं किराणा दुकान विश्रांतवाडीत, आमच्या सोसायटीच्या फाटकाला लागूनच. गिऱ्हाइकानं वस्तू उचलावी, पैसे द्यावेत आणि वाटेला लागावं, एवढीच त्या बिचाऱ्याची माफक अपेक्षा. शर्मिला पाकीट उचलायची आणि उलटं करायची. मग चष्मा कपाळावर चढवून ते नाकाशी न्यायची आणि मागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. तिच्यामागे चार माणसं ताटकळत उभी राहायची.

"वहिनी, घरी नेऊन वाचा की. लायब्ररी नाही ही," सुदर्शन म्हणायचा.

"लायब्ररीत चुकीचं पुस्तक वाचलं म्हणून कुणाचं पोट दुखत नाही," शर्मिला मान वर न करता म्हणायची आणि पाकीट परत फळीवर ठेवायची.

मी तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे सोसायटीतली लहानथोर सगळी मला बाई म्हणतात. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शर्मिलावर मी खूप चिडलेले आहे. तिच्याइतकी वाईट वेळही मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करायचा मी प्रयत्न करत नाही.

तिची मुलगी मैत्री. सहाव्या वर्षापर्यंत ती पोर काही अंग धरेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, शाळेतून आठवड्याला एकदा तरी पोट दुखतंय म्हणून फोन. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली. दृष्ट काढणं आम्हा बौद्धांच्या घरात चालत नाही म्हणून, नाहीतर तेही झालं असतं. शेवटी पोटाच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली आणि सांगितलं, हिला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू चालत नाही. गव्हाची कणीक ज्यानं चिकट होते ते हिच्या आतड्यांना सोसत नाही, आतडी आतून सोलवटून निघतात. चपाती, पाव, बिस्किट, रवा, शेवया, सगळं बंद. औषध नाही. जन्मभर पथ्य, आणि तेही असं की कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये.

घरात तेव्हा चार माणसं. शर्मिला, तिचा नवरा प्रज्ञेश, मैत्री आणि प्रज्ञेशची आई ललिताताई. नवराबायको दोघं नोकरीला. शर्मिला जिल्हा परिषदेत, तो बँकेत. मैत्रीला तीन महिन्यांची असल्यापासून ललिताताईंनीच वाढवलं. डॉक्टरांकडून घरी आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "गव्हानं कुणाला काय होतंय? आमच्या लहानपणी चपाती सणाला दिसायची. आता नातीच्या ताटात रोज गहू आला, तर तो तिला चालंना म्हणं." साधं बोलणं. कुठल्याही आजीनं म्हटलं असतं. पण शर्मिलानं ते लक्षात ठेवलं.

शर्मिलाला लिहिलेल्या अक्षराचा फार आधार. तिच्या आजोबांनी न वाचता कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला आणि गावातली घराची जागा गेली. तिचे वडील खडकीला कारखान्यात लागले तेव्हापासून घरात एकच मंत्र: कागद वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. ऑफिसात तिच्या टेबलावरून फाईल हलली म्हणजे तिच्यातली टाचणीसुद्धा तपासलेली आहे, असा तिचा लौकिक. त्या बाईच्या हातात आता पाकिटं आली.

महिन्याभरात ती सगळे नियम शिकली आणि मग आम्हा सगळ्यांना शिकवायला लागली. पाकिटात जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं छापायचं, आणि मग उतरत्या क्रमानं बाकीचं. गहू, दूध, शेंगदाणा, सोयाबीन असलं बाधणारं काही आत असेल तर ते वेगळं सांगायचं. एकदा माझ्या स्वयंपाकघरात शिरून तिनं माझ्या नाचणीच्या बिस्किटांचा पुडा उचलला. पुढच्या बाजूला नाचणीची हिरवीगार कणसं. "बाई, मागं बघा. पहिलं काय लिहिलंय? मैदा. नाचणी कुठं आहे? साखर आणि तेलाच्याही खाली. मधुमेह म्हणून खाता ना तुम्ही हे?" मी तो पुडा तिच्या देखत संपवला, रागानं. पण परत आणला नाही.

तिनं घर धुऊन काढलं. तयार मसाले बंद केले, कारण एकात तिला पीठ छापलेलं सापडलं. तिखट, हळद, धणे कांडून आणायला लागली. सोया सॉस गेला, आइस्क्रीमचा कोन गेला, बाहेरचं खाणं गेलं. वाढदिवसाला वर्गातली मुलं केक खायची तेव्हा मैत्री डब्यातून राजगिऱ्याची वडी काढायची. पोर एका शब्दानं कुरकुरली नाही. आणि वर्षानं रक्त तपासलं, तर आजार दाखवणारा आकडा तिथंच.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "घरात कुठून तरी गहू जातोय. एखाददुसऱ्या वेळी नाही, रोज जात असणार. मुलीला जेवू कोण घालतं?"

"आजी," प्रज्ञेश म्हणाला. सरळ माणूस. विचारलं त्याचं उत्तर दिलं.

त्या दिवशी शर्मिला घरी आली ती गप्पच. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. तिनं बाजारातून नवीन ताटवाट्या, नवा तवा, नवी परात आणली. स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी करून सगळं तिथं लावलं आणि सासूला म्हणाली, "आई, या फळीला तुम्ही हात लावू नका. मैत्रीचं मी करून ठेवत जाईन. ती तिचं ती घेईल."

संध्याकाळी ललिताताई खाली बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या इंदापूरकडच्या. त्यांच्या गावच्या शाळेत माठाला हात लावायचा नाही, लांब उभं राहून ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, हे त्यांनी मला पूर्वी एकदाच सांगितलं होतं, तेही आपल्या लग्नाची गोष्ट सांगता सांगता सहज. त्या दिवशी त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिच्या मनात तसलं काही नाही, बाई. पोरीच्या जिवासाठी करतीय, मला कळतंय. पण हात लावू नका म्हणली आणि माझा हात असा आपोआप मागं आला. साठ वर्षं झाली की त्याला. हातानं विसरायला नको व्हय?"

माझं डोकं फिरलं. मी तशीच वर गेले आणि शर्मिलाला दारातच धरलं. आपल्या घरात, आपल्या माणसांत, वेगळी फळी? तू काय बोललीस ते तुला कळलं तरी का? कुणाला बोललीस?

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, मला सगळं कळतं. पण माझ्या पोरीच्या आतड्यांना इतिहास कळत नाही."

आईचं बोलणं होतं ते, आणि चूक नव्हतं. मी परत आले आणि रात्रभर चिडत राहिले.

फळी वेगळी केली त्यानंतरही मैत्रीचं पोट दुखायचं थांबलं नाही. एका रविवारी शर्मिलानं सासूला समोर बसवलं. प्रज्ञेशनं मला नंतर हे सांगितलं, मान खाली घालून.

"आई, खरं सांगा. मी रागावणार नाही. तुम्ही तिला चपाती देता ना अधूनमधून? दया येऊन?"

"नाही दिली."

"एकदाही नाही?"

"नाही म्हणलं ना."

"मग गहू काय हवेतून येतो?"

ललिताताईंनी मुलाकडं बघितलं. प्रज्ञेश काहीच बोलला नाही. त्याला बायकोचं पटलं होतं असं नाही, आईचं खोटं वाटलं असंही नाही. तो फक्त गप्प बसला, आणि घरातला पुरुष अशा वेळी गप्प बसला की निकाल लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी धाकटा मुलगा चेतन हडपसरहून रिक्षा घेऊन आला आणि ललिताताई एक पिशवी घेऊन त्याच्याकडे राहायला गेल्या. मैत्री फाटकापर्यंत रडत गेली. आम्ही सगळे गॅलऱ्यांमधून बघत होतो. बघण्यात आपण पुणेकर कुणाला हार जात नाही.

त्यानंतर शर्मिला पहाटे उठून सगळा स्वयंपाक स्वतः करायची. मैत्री शाळेतून पाळणाघरात जायची, तिथंही डबा आईच्याच हातचा. आता घरात संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. पण पोरीचं पोट दुखायचं ते दुखतच होतं. दुखायला लागलं की शर्मिला आपल्या आईनं शिकवलेलं करायची. ताकात चिमूटभर हिंग घालून द्यायची, थोडा हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती चोळायची. पोर ते कडवट तोंड करून प्यायची आणि आईच्या मांडीवर झोपायची.

"आता तर ललिताताई नाहीत घरात," मी एकदा म्हटलं.

"आधीचं नुकसान भरून यायला वेळ लागतो," शर्मिला म्हणाली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा उलट वाढला होता. मग तिनं मैत्रीला धरलं. शाळेत कुणाच्या डब्यातलं खातेस? खरं सांग. कोण देतं? आठ वर्षांची पोर, भिंतीला पाठ लावून उभी, मान हलवून नाही नाही म्हणत होती. दार उघडं होतं म्हणून मला दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मैत्री मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्यात बसायची बंद झाली. वर्गाच्या दाराशी एकटी बसून डबा खायची. हे तिच्या शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं, माझीच जुनी सहकारी ती. मी शर्मिलाला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, "मग मी काय करू बाई? कुणावर विश्वास ठेवू?" मला तेव्हा तिची दया आली आणि तिच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

उलगडा झाला तो पापडांमुळे. तिच्या ऑफिसातल्या एकीनं शनिवार पेठेतल्या कुठल्याशा घरगुती उद्योगाचे तांदळाचे पापड आणून दिले. मैत्रीला चालतील म्हणून. शर्मिलानं सवयीप्रमाणे पाकीट उलटं केलं. तांदळाचं पीठ, मीठ, पापडखार, जिरे, हिंग. आणि हिंगाच्या पुढं कंसात: तांदळाचं पीठ, खाण्याचा डिंक, हिंग. पापड करणाऱ्या बाईंनी हिंगाच्या पोटात काय आहे तेही छापलं होतं. शर्मिला तिथंच अडकली. हिंगात पीठ कशाला? आणि यांच्या हिंगात तांदळाचं, तर माझ्या हिंगात कशाचं?

तिनं हिंगाची डबी काढली. डबीवर काहीच नव्हतं. कसं असणार? आपल्याकडं पाकीट घरी आलं की कात्रीनं कापायचं, डब्यात रिकामं करायचं आणि पाकीट कचऱ्यात टाकायचं. तुमच्याकडे, माझ्याकडे, सगळीकडे हेच. तिच्या सासूची ती डबी, वर्षानुवर्षं त्याच डबीत पाकिटातला हिंग भरला जात होता. नियमाप्रमाणे छापलेलं सगळं पाकिटाबरोबर कचऱ्याच्या गाडीत जात होतं. जगातलं प्रत्येक पाकीट वाचणाऱ्या बाईनं हिंगाचं कधी वाचलं नव्हतं. हिंग म्हणजे हिंग. मिठाचं पाकीट वाचतं का कुणी?

मी सुदर्शनच्या दुकानात साखर घेत होते. ती धावतच आली, पायात दोन वेगळ्या चपला.

"हिंग दाखव. आम्ही नेतो तो."

सुदर्शननं छोटं पाकीट काढून दिलं. तिनं ते उलटं केलं, नाकाशी नेलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. हिंगाच्या पाकिटात हिंगच सगळ्यात शेवटी. आणि खाली ठळक अक्षरांत, गहू असलेला पदार्थ. कुणी काही लपवलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते ऐकायला गमतीचं वाटतं, तिथं उभं राहून बघितलं असतं तर कळलं असतं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. सुदर्शननं स्वतःचं स्टूल पुढं केलं, पहिल्यांदाच.

"मी तिला ताकात देत होते, बाई," ती म्हणाली. "पोट दुखलं की मीच देत होते."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. दोन्ही वेळच्या फोडणीत रोज, आणि दुखलं की वरून आणखी, एवढं पुरेसं आहे, म्हणाले. हिंग बंद झाला. महिन्याभरात पोट दुखणं कमी झालं, मग थांबलं. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. मैत्रीचे गाल भरायला लागले. प्रज्ञेशनं सोसायटीत पेढे वाटले, पाकिटाची मागची बाजू वाचून आणलेले.

शर्मिला मात्र हसेना. एका संध्याकाळी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, हडपसरला माझ्याबरोबर चला. मला एकटीला बोलता येणार नाही."

रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. मैत्रीला तिनं घरी ठेवलं. लेकीला पुढं करून माफी मागायची नाही, असं म्हणाली. तिच्याबद्दल मला तेवढ्यापुरता आदर वाटला.

चेतनच्या घरी ललिताताई जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मला जय भीम केला, सुनेला "ये" म्हणाल्या. शर्मिला बसलीच नाही.

"आई, माझं चुकलं. हिंगात गव्हाचं पीठ असतं. आपल्या डबीतल्या. लिहिलेलंच होतं तसं. मीच घालत होते तो रोज. तुम्ही काही दिलं नव्हतं."

ललिताताई पानं खुडत राहिल्या. "पोरगी कशी हाय आता?"

"बरी आहे. दुखायचं थांबलं. वजन वाढलंय."

"हां. चेतन म्हणला होता. ऐकून जीव थंड झाला." त्यांनी मेथीची आणखी एक काडी उचलली. मग म्हणाल्या, "कुठं लिहिलेलं व्हतं ते, म्हणालीस?"

"पाकिटावर. मागच्या बाजूला."

"आणि ते वाचून तुला समजलं, की मी दिलं नव्हतं."

शर्मिलानं मान हलवली.

"मी सांगितलं होतं की तुला. तोंडानं. समोर बसून. नाही दिलं म्हणून." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मी हितं आल्यावर पण तिचं पोट दुखतच होतं. तवा यायचं होतंस. तवा नाही आलीस. पाकिटावर छापलेलं वाचलंस तवा आलीस."

शर्मिला तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. तोंडावर पदर नाही, हात नाही, नुसती रडत होती. ललिताताईंनी मेथीचं ताट बाजूला केलं, उठून आत गेल्या आणि चहा करून आणला. तिच्या हातात कप दिला. "पी. गार होईल," म्हणाल्या. राग होता असं मी म्हणणार नाही. राग असता तर शर्मिलाला सोपं गेलं असतं.

"घरी चला ना आई," शर्मिला म्हणाली. "ती फळी मी काढून टाकलीय. सगळं पहिल्यासारखं केलंय."

"बघू. चेतनच्या पोराची परीक्षा हाय."

आम्ही निघालो. दारात चपला घालताना शर्मिला मागं वळली. "सुट्टी लागली की मैत्रीला चार दिवस तुमच्याकडं आणू? रोज आठवण काढते तुमची."

तेव्हा मात्र ललिताताईंचा चेहरा उजळला. क्षणभर त्या पूर्वीच्या दिसल्या, विश्रांतवाडीच्या बाकावरच्या. "आण की. विचारतीस काय? माझी नात हाय ती." आणि मग काहीतरी आठवल्यासारखा त्यांनी दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला.

"चार दिवस नको पण. सकाळी आण, सांजच्याला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि तिला जेवू घालूनच आण. डबा पण तूच देत जा. माझ्या हातचं मी तिला काही देणार नाही."

शर्मिला बरं म्हणाली आणि जिना उतरायला लागली.